हैबतीच्या बैठका

शिमगा तोंडावर आला होता आणि वरंधचा हैबती बैठकांवर बैठका मारत सुटला होता. हुतूतूच्या चढाईत त्याचा हात धरणारा गडी महाड तालुक्यात नव्हता. पण यंदा पोलादपूरचा संघ वरंधला खेळायला येणार होता, आणि त्यांचा सयाजी म्हणे एकदा पाय धरला की सोडत नसे.

हैबती सकाळी अंगणात घामाघूम होई आणि मग आडोशाला जाऊन उजवा गुडघा चोळत बसे. ओढ्याकडे उतरताना तर अशी कळ निघे की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. पण बोलायची सोय नव्हती. आई ठमाबाई निर्गुडीचा पाला गुडघा शेकायला घेऊन मागं लागली असती, आणि गडी म्हणाले असते, बैठका कमी पडतात, वाढव.

संघाचा म्होरक्या मालोजी मुंबईला गिरणीत होता. सणासाठी तो बायकोला घेऊन गावी आला. तुळसा तिकडं इस्पितळात कामाला होती. मोडलेले हातपाय व्यायामानं पुन्हा चालते करतात, त्या खात्यात. एका सकाळी ती ठमाबाईकडे विरजण मागायला आली आणि वाटी हातात घेऊन अंगणातच उभी राहिली.

"भावजी, गुडघा कधीपास्नं दुखतोय?"

हैबती अर्ध्या बैठकीत थबकला. "कुणी सांगितलं? कायबी दुखत नाय."

"मग उठताना तोंड का वाकडं होतंय? आणि गुडघे बघा तुमचे, दोघं एकमेकांना भेटायला चाललेत."

त्यानं खाली पाहिलं. खरंच, उठताना दोन्ही गुडघे आत वळत होते. टाचाही जमिनीवर नव्हत्या. चवड्यांवर सगळा भार टाकून तो चेंडूसारखा वरखाली होत होता.

"आमच्या आज्यापास्नं अशाच बैठका मारतात, वैनी."

"आजे शिमग्याला सयाजीच्या अंगावर जात होते काय?" तुळसानं वाटी पायरीवर ठेवली आणि चुलीसाठी आणलेला एक जाड ओंडका लाथेनं त्याच्या मागं सरकवला. "ह्याच्यावर बसा. बूड आधी मागं न्या. सावकाश. धपकन नाय. टाचा टेकलेल्या. पावलं जिकडं, गुडघे तिकडं."

हैबती बसला, उठला. दोनचारदा केल्यावर त्याच्या मांड्या थरथरायला लागल्या. शेकड्यानं बैठका मारणारा गडी ओंडक्यावर बसताना घामाघूम झाला, तेव्हा तुळसा पदर तोंडाला लावून हसली.

"एवढ्याच करायच्या. दुखायला लागलं की थांबायचं. आणि आठवडाभर खेळायचं नाय."

"आठवडाभर? मालोजी जीव घेईल माझा!"

"त्यांचं मी बघते."

मालोजीनं थयथयाट केला, पण बायकोपुढं त्याचं काही चाललं नाही. हैबतीचे दिवस मात्र जाता जाईनात. गडी खाचरात दम घुमवत असायचे आणि हा घरामागं ओंडक्यावर उठबस करायचा, नाहीतर एका पायावर बगळ्यासारखा उभा. कळ कमी झाली तशी तुळसानं त्याला उडी शिकवली. बांधावरून उतरायचं, पण आवाज करायचा नाही. गुडघे ताठ ठेवायचे नाहीत, मांजर उतरते तसं अंग झेलायचं.

तो बांधावर चढतोय, गुपचूप उतरतोय, पुन्हा चढतोय, हे ठमाबाईनं परसातून पाहिलं आणि ती हातातलं टाकून शेजारच्या बयाबाईकडे धावली. "गो बयाबाई, माझ्या पोराला काय तरी लागलं गो! एका तंगडीवर उभा रातो नि मांजरावानी उड्या मारतो!" सांजेला देवरुषी दारात येऊन बसला. हैबतीला हसू आवरेना, आणि तो हसतोय म्हटल्यावर आईची खात्रीच पटली. शेवटी तुळसानं येऊन सगळं समजावलं. देवरुषी चहा पिऊन, स्वतःचाही गुडघा तिला दाखवून घरी गेला.

सामन्याच्या दिवशी पोलादपूरकर ट्रक भरून आले. खाचराभोवती माणूस मावेना. हैबती पहिल्या चढाईला गेला. सयाजी खाली वाकून वाटच बघत होता. हैबतीनं एकाला हात लावला आणि वळला, तसा सयाजीनं घोट्यावर सूर मारला. हैबती उडाला. हवेत असतानाच त्याला गुडघ्याची धास्ती वाटली. पण पाय मऊ टेकले, गुडघे सरळ पुढं वाकले, आणि दम न तोडता त्यानं रेषा ओलांडली. माणसं ओरडत होती आणि तो आपल्या पायाकडेच बघत होता.

सामना वरंध हरलं. शेवटच्या चढाईत खुद्द मालोजीच सयाजीच्या हातात सापडला. मालोजी रागारागानं धूळ झटकत होता, ठमाबाई पोलादपूरकरांना शिव्या देत होती.

"वैनी, हरलो," हैबती तुळसापाशी येऊन म्हणाला.

"हरलात खरं. गुडघा?"

हैबतीनं पाय झटकून बघितला. "त्याची तर आठवणच राहिली नाय."

"पण विसरू नका. बैठका सोडल्यात तर पुन्हा येईल दुखणं." ती वळली. धोतर झटकायला वाकलेला मालोजी कंबर धरून तसाच उभा होता, वर येईना. "आणि तुमी हो, असे किती दिवस वाकताय? चला घरी, दाखवा मला."

मालोजी गुमान तिच्या मागं चालू लागला.