दोन सुतांचा फरक

आमच्या कारखान्यात ब्रा शिवतात. हे वाक्य मी चारचौघांत बोलले की माझ्या थोरल्या नणंदेला ठसका लागतो. तिच्या लेखी मी 'कपड्यांच्या कारखान्यात' जाते. अहो, ब्रा हा कपडाच आहे, पत्रा नाही. पण घरात ती टॉवेलखाली वाळत घालायची आणि तिचं नाव कुजबुजत घ्यायचं, असा दंडक.

त्यात माझं काम आणखीच वेगळं. मी शिवणयंत्रावर बसतेच, पण गेली अकरा वर्षं मी कारखान्याचं मापही आहे. नवीन डिझाइन आलं की आधी एकच सँपल शिवतात, छत्तीस नंबरचं, आणि ते माझ्या अंगावर चढवून बघतात. नीट बसलं की कागदाचा साचा पक्का होतो, त्यावरून लहानमोठे सगळे नंबर काढतात आणि मग खालच्या हॉलमध्ये यंत्रं घरघरायला लागतात. म्हणजे मी कधी न पाहिलेल्या कितीतरी बायका माझ्या मापावर दिवस काढतात. कारखान्यात मला सगळे 'नमुना' म्हणतात. सुरुवातीला राग आला, मग म्हटलं, खोटं काय आहे त्यात?

माप घेते ती मास्तरीण. वय साठीला टेकलेलं, गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, आणि टाचण्या धरूनही शिव्या स्पष्ट ऐकू येतील अशी जीभ. दर पंधरा दिवसांनी ती वरच्या खोलीत दार लावून माझी मापं घेते. कंबर अर्धा इंच वाढली तर म्हणते, "ताटावरून जरा लवकर उठत जा गं." दाराबाहेर आमचा मॅनेजर येरझारा घालत असतो. त्याचा एकच प्रश्न, "बसलं का?" त्याचा आणि माझा छत्तीसचा आकडा. नंबरही तोच, योगायोग म्हणायचा.

आरोग्य केंद्राचं पत्र मला दोनदा आलं होतं. चाळिशी ओलांडलेल्या बायकांनी स्तनांची तपासणी करून घ्यावी, पैसे लागणार नाहीत. पहिल्या पत्राच्या पाठीवर मी किराण्याची यादी लिहिली. दुसरं घडी घालून जेवणाच्या टेबलाच्या आखूड पायाखाली सारलं. माझं म्हणणं एवढंच होतं की मला दर पंधरा दिवसांनी एक बाई टेप लावून मोजते, आणखी काय तपासायचं राहिलं?

मग ते नवीन डिझाइन आलं. सँपल चढवलं तर डावा कप खालून चुणी धरत होता. मास्तरणीने ओढून पाहिलं, सोडून पाहिलं. चुणी हलेना. "इलॅस्टिक ओढतंय," ती म्हणाली. इलॅस्टिक बदललं. चुणी तशीच. मग दोऱ्याला दोष दिला. मग शिवणाऱ्या बाईला इतका दोष दिला की ती बिचारी जेवायच्या सुट्टीत रडली. तिसऱ्या सँपललाही तीच चुणी, त्याच जागी. बाहेर मॅनेजरने दार ठोठावलं, "बसलं का? कटिंगवाले हात बांधून उभे आहेत!"

 मास्तरणीने कात्री घेतली आणि डाव्या कपाचा कागद दोन सूत कमी केला. सूत म्हणजे आम्हा शिवणकामवाल्यांचं सगळ्यात बारीक माप, खडूची रेघ जाड आली तरी तेवढं जातं. चौथं सँपल माझ्या अंगावर असं बसलं की बघत राहावं. "बसलं!" असं मीच आतून ओरडले. मला काय ठाऊक, मी कशावर खूश होतेय.

माल गेला, आणि दीड महिन्यात परत यायला लागला. पोत्यांवर पोती. दुकानांच्या चिठ्ठ्यांत जणू ठरवून एकच वाक्य होतं, डावी बाजू दाटते. मॅनेजर चिठ्ठ्या घेऊन वर आला, टेबलावर आपटल्या आणि म्हणाला, "कागद चुकला कसा? तीस वर्षं काम करताय ना?"

मास्तरणीने खिळ्याला अडकवलेला मागच्या वर्षीचा छत्तीसचा कागद काढला. नव्यावर ठेवला. उजवी कड जुळली, डावी दोन सूत आत. मग त्याला म्हणाली, "तुम्ही बाहेर व्हा." तो गेल्यावर तिने दाराला कडी घातली आणि ओठांतल्या टाचण्या एकेक करून डबीत टाकल्या. ती टाचण्या काढून बोलते तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं.

"ब्लाउज काढ आणि आरशासमोर उभी राहा. हात वर कर."

मी हात वर केले. डाव्या स्तनाखाली कातडी आत ओढली गेली. गादीला टाका घातला की जशी खळी पडते, तेवढीच. हात खाली घेतले की गायब. अकरा वर्षं आम्ही दोघी त्या आरशासमोर उभ्या राहत होतो, आणि हात वर कर असं एकदाही कुणी म्हटलं नव्हतं. ब्रा हात खाली ठेवूनच बघतात.

"दुखतं?"

"अजिबात नाही."

"हाताला काही लागतं?"

मी चाचपून पाहिलं. "नाही."

"मलाही लागलं नसतं कदाचित. पण माझा हात काही डॉक्टरचा नाही." ती स्टुलावर बसली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "मला तीनदा दिसलं गं. तीनदा! बाई बदलली होती, आणि मी कागद बदलत बसले."

बाहेरून मॅनेजर ओरडला, "चूक कुणाची ते तरी सांगा!"

"माझी!" मास्तरीण तेवढ्याच जोरात ओरडली. "लिहून घ्या, माझी. आणि उद्या आम्ही दोघी येणार नाही, तेही लिहून घ्या."

घरी सांगितलं तेव्हा थोरली नणंद आलेलीच होती. ती चांगल्या बातमीला उशिरा येते आणि वाइटाला आधी. "दुखत नाही ना? मग कशाला उकरून काढायचं?" ती म्हणाली. "आणि लोकांनी विचारलं कुठे काय झालं, तर काय सांगणार?"

"स्तनात झालंय म्हणून सांगणार."

तिला ठसका लागला. मी पाणी दिलं.

नवरा शहराची बस चालवतो. तोही चाचरत म्हणाला, "थोडं थांबून बघूया का? त्रास झाला तर जाऊच."

माझं डोकं फिरलं. "तुमच्या बसचे ब्रेक केव्हा तपासता हो? लागत असतात तेव्हाच ना? की आधी भिंतीवर आपटून बघता?"

 मी चिडले होते ते खरं, पण त्याहून जास्त घाबरले होते. भांडी घासताना माझा डावा हात आपोआप अंगाशी येत होता, कुणी काही हिसकावून नेणार असल्यासारखा. सकाळी उठून बघते तर नवऱ्याने टेबलाखालचं पत्र काढलं होतं, हाताने दाबून सरळ केलं होतं आणि माझ्या पर्समध्ये ठेवलं होतं. त्या दिवसापासून आमचं टेबल हलतं. आम्ही हलू देतो.

तपासणी केंद्रात मशीनवर एक चुणचुणीत मुलगी होती. दोन पाट्यांमध्ये स्तन दाबून धरतात, फोटो काढतात. गार लागतं, दाबल्यावर दुखतं, आणि "श्वास धरा" म्हणेपर्यंत संपलेलंही असतं. मी दर सँपलला बारा-पंधरा टाचण्या टोचून घेतलेली बाई, मला त्याचं काय! माझं झाल्यावर त्या मुलीने मास्तरणीला विचारलं, "आजी, तुमची तपासणी कधी झाली होती?"

"माझं काय आता, वय झालं."

"वय झालं म्हणूनच विचारतेय," मुलगी म्हणाली.

मास्तरीण पर्स सावरून उठायला लागली. मी दारात आडवी उभी राहिले. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या छात्या मोजल्यात ना? आज तुमची पाळी. व्हा आत."

आतून तिच्या शिव्या ऐकू आल्या, मग "श्वास धरा", मग शांतता. मास्तरीण गप्प बसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकली.

तिचा रिपोर्ट स्वच्छ आला. माझ्यासाठी आणखी फोटो, मग सुईने तुकडा काढून तपासणी, मग आठवडाभर वाट बघणं. तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. शेवटी डॉक्टरीणबाईंनी फोटोवर बोट ठेवलं. कर्करोग होता. खोलवर, वाटाण्याएवढा. "हाताला लागला नसता इतक्यात," त्या म्हणाल्या. "पसरलेला नाही. एवढ्यावर सापडला की आमच्या हातात बरंच काही असतं. पूर्ण स्तन काढायची गरज नाही. तुम्ही लवकर आलात."

"लवकर?" मी म्हटलं. "दोन पत्रं फुकट घालवून आलेय मी. पोती परत आली म्हणून आलेय. सगळ्या बायकांच्या नशिबात परत येणारी पोती नसतात."

त्या हसल्या नाहीत. मान हलवून म्हणाल्या, "तेच तर."

ऑपरेशन झालं, मग किरणांचे रोजचे शेक झाले, महिना गेला. त्या दिवसांबद्दल लोक विचारतात तेव्हा मी सांगते की थकवा येतो, कातडी काळवंडते, रडू येतं, भूकही लागते. नणंद रोज डबा घेऊन यायची. एकदा डबा उघडता उघडता तिने विचारलं, "ते... स्तनांचं केंद्र कुठल्या रस्त्याला आहे गं?" ठसका न लागता विचारलं. मी पत्ता लिहून दिला, आणि जास्त काही बोलले नाही. मला बोलता येत नाही असं नव्हे, पण काही वेळा तोंड आवरणंही शहाणपणाचं असतं.

कामावर परतले तर मॅनेजरने माझ्यासाठी चक्क खुर्ची ओढली. तेव्हाच ओळखलं. "बाई, तुम्ही आता फक्त यंत्रावर बसा," तो म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नका, पण तुमचं अंग आता मापात नाही. पॅकिंगमधल्या ताईंचा नंबर छत्तीसच आहे. उद्यापासून त्यांच्यावर सँपल बघू."

वाईट वाटलं. अकरा वर्षं मी माप होते, आणि आता डाव्या बाजूला एक खाच घेऊन मी कुणाच्याच कागदात बसत नव्हते. मी म्हटलं, "माप मी नाही, तर नाही. पण तिची तपासणी झाल्याशिवाय तिच्या अंगाला सँपल लागणार नाही. आणि चाळिशीच्या पुढची प्रत्येक बाई पाळीपाळीने जाऊन येईल, कामाच्या वेळात, हजेरी न कापता."

"हा काय दवाखाना आहे?"

"नाही. पण इथे बायकांच्या छातीवर पोट भरतं तुमचं. माझंही."

"काम थांबेल!"

मास्तरीण मागे उभी होती. तिने गळ्यातला टेप काढला, बोटांवर नीट गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला. चेन ओढली. "काम थांबलंच आहे," ती म्हणाली.

मॅनेजरने दोन दिवस ताणून धरलं. खाली कापायला कागद नाही, वर माप घ्यायला टेप नाही. तो स्वतः बाजारातून नवीन टेप घेऊन आला आणि खालच्या हॉलमध्ये उभा राहून म्हणाला, "कोण माप घेईल?" साठ बायका यंत्रं बंद करून त्याच्याकडे बघत राहिल्या. एकीनेही हात पुढे केला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने पाळ्यांची यादी भिंतीवर लावली. सगळ्यात वरचं नाव पॅकिंगवालीचं होतं.

तिचा रिपोर्ट चांगला आला, तशी तिला वरच्या खोलीत आणली. बेचाळीस वर्षांची बाई, लाजून चूर. सँपलच्या वेळी मी आता यंत्र सोडून मास्तरणीच्या हाताखाली असते, टाचण्या देते. सँपल चढवलं, हुक लावले. मास्तरीण मागे सरकली आणि थिजली.

डाव्या कपाखाली चुणी होती.

 बाहेरून मॅनेजर म्हणाला, "बसलं का?" कात्री टेबलावरच होती. मास्तरणीचा हात तिच्याकडे गेला नाही. टाचण्या तिने डबीत टाकल्या. मी पुढे झाले आणि त्या बाईचे हुक सोडले.

"हात वर कर गं," मी म्हटलं. "घाबरू नको. आरशात तूही बघ."

तिने हात वर केले. आम्ही तिघींनी बघितलं, समोरून, एका बाजूने, दुसऱ्या बाजूने. सावकाश. पुन्हा एकदा. दोन्ही बाजू सारख्या, कातडी सपाट, कुठे ओढ नाही. रिपोर्ट टेबलावर होता, तोही उघडून पुन्हा वाचला. मग मास्तरणीने नवा कागद जुन्यावर ठेवला, चष्मा वर केला, आणि तिचा चेहरा असा उजळला की मी तो आधी कधी पाहिला नव्हता.

"माझा कागद चुकलाय!" ती ओरडली. "दोन सूत! ढळढळीत चुकलाय!"

तीस वर्षांत चूक मान्य करताना इतकी खूश झालेली मास्तरीण कुणी पाहिली नसेल. पॅकिंगवाली हात वर ठेवूनच हसायला लागली, आणि मला हसता हसता रडू आलं.

"अहो, बसलं का नाही?" मॅनेजरने दार ठोठावलं.

"नाही!" आम्ही तिघी एकदम ओरडलो. "थांबा!"