कुणाला त्रास न देता

त्या संध्याकाळी त्सुयाको लोणच्यात मुरलेला मुळा चिरत होती. टीव्हीवर कुणी विद्वान सांगत होता, की म्हाताऱ्यांच्या औषधपाण्यातच देशाची तिजोरी रिकामी होत चालली आहे.

"खरंच आहे," घास चावत तिचा मुलगा कोहेई म्हणाला. "तरुणांनी राबायचं आणि म्हाताऱ्यांनी दवाखान्यात गप्पा ठोकत बसायचं!" मग जीभ चावून म्हणाला, "तुझ्याबद्दल नाही हं, आई."

आई हसली. ते हसू तिच्या सुनेला, मिसुझुला, पुढे कितीतरी दिवस दिसत राहिलं.

थोड्याच दिवसांत त्सुयाको ज्येष्ठांच्या मंडळाबरोबर डोंगरावरच्या देवळात जाऊन आली. तिथे म्हातारी माणसं एकच मागणं मागतात: अंथरुणाला न खिळता चटकन मरण येऊ दे. गावात या नवसाचं कौतुकच होतं.

हृदयाच्या डॉक्टरांकडे मात्र ती नेमानं निघे. एकदा बाजारातून परतताना मिसुझु पाहते तो सासू नदीकाठच्या बाकावर एकटीच. पाय सुजून जोड्यांत मावत नव्हते.

"आई, दवाखान्यात जाणार होतात ना?"

"अगं, कुणा तरण्याताठ्याची जागा कशाला अडवायची?"

"आणि गोळ्या?"

"केव्हाच संपल्या." तिनं सुनेचा हात धरला. "कोहेईला सांगू नकोस. देव ऐकेल माझं."

दवाखाना तोवर बंद झाला होता. "देवाचं राहू द्या," मिसुझु म्हणाली. "सकाळी मी नेते तुम्हाला."

सकाळी तिनं खोलीचं दार सरकवलं. त्सुयाको कुशीवर पडली होती, थंडगार. खोकला बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून उशीचं टोक तिनं दातांत घट्ट धरलं होतं.

अंत्यविधीला उदबत्तीच्या धुरात शेजारी एकेक करून वाकत होते. "पुण्यवान बाई! झोपेत गेली. कुणाला म्हणून त्रास दिला नाही." कोहेई मान लववून आभार मानत होता.

"त्रास द्यायला हवा होता त्यांनी," मिसुझु म्हणाली. कोहेईनं तिची बाही ओढली. ती थांबली नाही. "झोपेत नाही गेल्या त्या. आपली झोप मोडू नये म्हणून उशी चावत गेल्या. आजारी पडणं हा गुन्हा आहे, हे त्यांना आपल्याच घरात, जेवताना कळलं. पुण्यवान म्हणू नका त्यांना."

म्हाताऱ्यांच्या रांगेत माना खाली गेल्या. मग मागून मंडळातल्या हात्सुए आजींचा दबका आवाज आला, "सूनबाई, माझ्याही छातीत दुखतंय गं, बरेच दिवस. माझ्या मुलाला सांगू का?"

मुलगा त्यांच्या शेजारीच बसला होता.