टेलरबाईंचे तीन

टाळ्या सुरू झाल्या आणि त्याच क्षणी बाईंच्या कमरेतून कळ गेली, म्हणून त्या हसल्या. ही त्यांची जुनी सवय. दुखलं की हसायचं. लोकांना वाटायचं, काय प्रसन्न बाई आहे! देवाने देह दिला पण त्याला झाकण दिलं नाही, म्हणून माणसाने चेहऱ्याचंच झाकण करून घेतलं.

टाळ्या मऊताईसाठी होत्या. वर्गातल्या मुलींनीच तिला हे नाव ठेवलं होतं, कारण ती बोलायला लागली की कुणीतरी उशीला धुतलेला अभ्रा घालतंय असं वाटायचं. वर्ग होता समुपदेशनाचा. ज्यांचं दुखणं जात नाही, जाणारही नाही, जे दुखणं अंगावर वागवतच कामाला जातात, स्वयंपाक करतात, भांडतात, अशा माणसांशी कसं बोलावं हे तिथे शिकवलं जायचं. रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत वर वर्ग आणि खाली लहान लहान खोल्या. वर शिकायचं आणि खाली जाऊन खऱ्या माणसासमोर बसायचं. शिकवायला बाई. त्यांना मुली नुसतं ‘बाई’च म्हणायच्या, जणू जगात बाकीच्या बायकाच नाहीत.

“हिच्याकडची सगळी माणसं चारच्या खाली आलीत,” संचालक म्हणाले. “सगळी. असा निकाल या वर्गात पूर्वी लागला नव्हता.”

चारच्या खाली म्हणजे काय, तेही सांगायला हवं. प्रत्येक भेटीच्या शेवटी समोरच्याला विचारायचं, आज दुखणं किती? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे जीव जातोय. लागोपाठ दोनदा चारच्या खाली उत्तर आलं की माणूस सावरला असं धरायचं आणि फाइल बंद करायची. रिकामी झालेली खुर्ची पुढच्याला. रांग मोठी होती, त्यामुळे नियम ऐकायला शहाणपणाचा वाटायचा.

मऊताई लाजली. बाईंनीही टाळ्या वाजवल्या. वाजवल्या, हे नंतर त्यांना फार लागलं.

कार्यक्रम संपल्यावर बाई खाली निघाल्या, तर जिन्याच्या वळणावर एक बाई उभी होती. उजवा हात डाव्या हाताने धरलेला, शेजारणीचं मूल सांभाळायला घेतल्यासारखा. बाईंनी तिला ओळखलं. तयार कपड्यांच्या कारखान्यात शिवणारी, मानेतली नस पार बोटांपर्यंत पेटलेली. मऊताईकडे यायची. सगळे तिला टेलरबाई म्हणत.

“तुम्हीच ना त्या पोरींच्या मास्तरीण?”

“हो. काय झालं?”

“झालं काय, मी बरी झाले. मलाच ठाऊक नव्हतं. परवा कळलं.”

बाई दोन पायऱ्या उतरून कठड्याला टेकल्या. टेलरबाई हळू बोलत होती. पण हळू बोलणं आणि शांत बोलणं यात फरक असतो, तो जिन्यातल्या शिपायालाही कळला असावा, कारण तो बादली उचलून निघून गेला.

“फाइल बंद केलीत तुम्ही. फाइल बंद म्हणजे चिठ्ठी बंद. त्या चिठ्ठीवर मला तासाला एकदा मशीनवरून उठायची मुभा होती. मालक म्हणतो, बरी झालीस ना, मग बस इतरांसारखी. काल दुपारनंतर कात्री हातात राहीना. तीनदा पडली. तो म्हणाला, सोमवारी चिठ्ठी आण, नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल.”

“पण तुम्ही तीन म्हणालात,” बाई म्हणाल्या. “दोन्ही वेळा.”

“म्हणाले. मग काय म्हणू? पहिल्यांदा आठ म्हणाले तर त्या पोरीच्या डोळ्यांत पाणी. दुसऱ्यांदा सात म्हणाले तर विचारते कशी, माझं काही चुकतंय का हो? माझ्या धाकटीएवढी आहे ती. मी म्हटलं, मरू दे, पाच म्हणू. तर अशी फुलली, अशी फुलली! जाताना माझा हात हातात घेतला. हाच, दुखरा. मग मी आकडा आतच घेत गेले. झगा सैल झाला की आत घेतात ना, तसा.”

“तिला सांगायचं तरी…”

“काय सांगायचं? की बाळ, तुझ्या गोड बोलण्याने माझी नस विझत नाही? घरी नवऱ्याला समजवा, सासूला समजवा, मालकाला समजवा. इथे आले तर इथेही समोरचीलाच समजवायचं?” ती थांबली आणि मग जे बोलली ते थेट बाईंच्या छातीत जाऊन बसलं. “मला तिचा राग नाही. तुमचा आहे. माझं दुखणं उतरलं की ती पास, हे तिला कुणी शिकवलं?”

बाईंनी तिला खालच्या बाकावर बसवलं, थांबा म्हणाल्या, आणि कमरेची पर्वा न करता जिना पुन्हा चढल्या.

संचालक माणूस चांगला होता, आणि तिथेच सगळं अडत होतं. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला, हळहळले.

“वाईट वाटतं. पण बघा मॅडम, तीन खरं असेल तर फाइल बंद केली ते बरोबर. आणि खोटं असेल तर त्यांनी आपल्याला चुकीची माहिती दिली. तशा माणसाची फाइल पुन्हा उघडता येत नाही.”

“म्हणजे खरं बोलली तरी बाहेर आणि खोटं बोलली तरी बाहेर.”

“नियम मी केलेला नाही.”

“मग केला कुणी? आभाळातून पडला?” बाईंचा आवाज चढला. “देवाच्या दारात चुकलेल्यालाही परत वळायला वाट असते, साहेब. तुमच्या दाराला ती वाटही ठेवली नाही?”

“तुम्ही रागावलात. समुपदेशकाने रागावू नये, तुम्हीच शिकवता.”

“मी चूकच शिकवत होते म्हणायचं.”

संचालकांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग नाइलाजाने म्हणाले, “एक सोय आहे. आकडा आपल्या दडपणाखाली आला असं खुद्द समुपदेशकानेच कळवलं तर त्या भेटी रद्द धरतात. फाइल उघडते. पण भेटी रद्द म्हणजे त्या मुलीच्याही रद्द. तिला सगळा अभ्यासक्रम पहिल्यापासून करावा लागेल. आत्ताच आपण तिला टाळ्या वाजवल्यात.”

“वाजवल्यात,” बाई म्हणाल्या.

वर्गाकडे जाताना व्हरांड्यात त्यांचा राग दुधासारखा वर आला आणि उतू जाऊन त्यांच्याच पायावर पडला. कारण त्यांना आपला नवरा आठवला. रोज सकाळी कप हातात घेऊन तो दाराशी उभा राहायचा आणि विचारायचा, कसं आहे गं? एकदाच, फार वर्षांपूर्वी, त्यांनी खरं सांगितलं होतं. त्याचा चेहरा असा पडला की जणू दुखणं त्यानेच विकत आणून दिलं होतं. त्या दिवसापासून त्या ‘ठीक’ म्हणत. आकडा कसा उतरवतात हे टेलरबाईने त्यांना सांगायची गरज नव्हती. त्या स्वतः त्या विद्येत मुरलेल्या होत्या. आणि शिकवताना? सल्ला देऊ नका हे शिकवलं. मध्ये बोलू नका, घड्याळ बघू नका, हेही शिकवलं. पण शेवटचा आकडा ऐकताना आपला चेहरा कुठे ठेवायचा, हे नेमकं शिकवलं नाही. कारण ते शिकवायचं तर स्वतःचा आकडा काढून दाखवावा लागला असता.

वर्गात दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या होत्या, सरावासाठी. बाई दुखणेकऱ्याच्या खुर्चीत बसल्या.

“मऊताई, ये. विचार मला. शेवटचा प्रश्न.”

मऊताई बसली, पुढे झुकली. “आज दुखणं किती आहे, शून्य ते दहामध्ये?”

“आठ.”

मागे कुणीतरी हसलं. बाई नाटक फार छान वठवायच्या, त्यांची ख्याती होती.

“हसू नका. नाटक नाही हे. माझ्या मणक्याला सूज असते. पंधरा वर्षं झाली. आत्ता आठ आहे.”

मऊताईच्या भुवया वर गेल्या, ओठ दुमडले, डोळे ओले झाले.

“बघा,” बाई म्हणाल्या, “पडला चेहरा. आणि मला आता काय वाटतंय माहीत आहे? पाच म्हणून टाकावं. पोर बिचारी. मी आठ घेऊन आले आणि जाताना आठ अधिक तुझं रडं घेऊन जाऊ?”

“मग काय दगडासारखं बसायचं?” वकीलबाई म्हणाली. हे त्या मुलीचं टोपणनाव. देवानेही काही सांगितलं तरी ती आधी पुरावा मागेल, असं सगळे म्हणत.

“दगडासारखं कशाला? घरात कुणी आजारी असलं की म्हातारं माणूस उशाशी बसतं, तसं. ते काही करत नाही. लवकर बरं हो म्हणून आजाऱ्याच्या तोंडाकडे आशेने बघतही नाही. पण उठूनही जात नाही.”

मग बाईंनी टेलरबाईंचे तीन सांगितले. आठाचे सात कसे झाले, साताचे पाच, आणि चिठ्ठी, कात्री, सोमवार. सगळं सांगितलं. मऊताईने तोंडावर ओढणी धरली.

“मी त्यांचं वाईट केलं,” ती म्हणाली आणि हुंदके द्यायला लागली. चार मुली उठल्या. एकीने पाणी आणलं, एकीने रुमाल काढला.

“बसा खाली.” बाईंचा असा आवाज त्या वर्गाने कधी ऐकला नव्हता. “कुणी रुमाल द्यायचा नाही. कळत नाही का तुम्हाला? पुन्हा तेच चाललंय. कात्री पडली टेलरबाईची, आणि पाणी कुणाला? हिला. ती बाई खाली बाकावर हात धरून बसलीय आणि आपण इथे हिचे डोळे पुसतोय!”

फार कडक झालं, हे बाईंनाही कळत होतं. त्यांनी शब्द मागे घेतले नाहीत. मऊताईचे हुंदके आपोआप थांबले. ते थांबायला कुणाची मदत लागत नाही, हे तिलाही पहिल्यांदाच कळलं असावं. संचालकांनी सांगितलेली सोय बाईंनी तिला सांगितली, काहीही न लपवता.

“म्हणजे सगळं पहिल्यापासून,” मऊताई म्हणाली.

“हो.”

“घरी पेढे… नाही, घरी सगळ्यांना फोन करून झालेत. दादा म्हणाला, आमच्या घरात पहिली तू.”

“हं.”

“तुम्ही सांगा ना बाई, काय करू?”

“नाही सांगणार. आणि तू काहीही केलंस तरी माझा चेहरा पडणार नाही. बघ हवं तर.”

मऊताईने खरंच पाहिलं, बराच वेळ. मग ओढणी सारखी करून ती उठली. “वकीलबाई, चल माझ्याबरोबर,” ती म्हणाली. “साहेबांसमोर माझी जीभ मऊ पडली तर मागून चिमटा काढ.”

त्या संचालकांच्या खोलीत गेल्या. परत आल्या तेव्हा मऊताईचं नाक लाल होतं आणि वकीलबाई म्हणत होती, “एकदाच काढला चिमटा. तोही गरज नसताना.”

फाइल उघडली होती, पण चिठ्ठीसाठी त्याच दिवसाची नवी भेट हवी होती. बाई म्हणाल्या, मी स्वतः बसते. टेलरबाईने नाही म्हणून मान हलवली.

“तीच पोर हवी. मला तिलाच सांगायचंय.”

खालच्या खोलीत दोघी समोरासमोर बसल्या. बाई कोपऱ्यात स्टुलावर. मऊताईने क्षमा मागायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, “आज किती आहे?”

“नऊ. त्यातला एक तुझा.”

“बरं,” मऊताई म्हणाली.

आणि टेलरबाई सुटली. हात दुखत नसून कामाचा कंटाळा आहे असं म्हणणारा मालक. शिळोप्याच्या गप्पांसारखे उपाय सांगणाऱ्या शेजारणी: हे तेल लाव, तो पाला बांध, मन प्रसन्न ठेव. अंगावर घेऊन झोपवता येत नाही म्हणून दूर गेलेलं नातवंड. “प्रसन्न ठेव म्हणे! मन काय फुलदाणी आहे? कोपऱ्यात ठेवलं की झालं?” मऊताईची हनुवटी थरथरली. टेलरबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही.

“रडू येतंय का तुला?”

“येतंय.”

“मग?”

“मग काही नाही. ते माझं आहे. तुम्ही बोला.”

टेलरबाईने तिच्याकडे रोखून पाहिलं, कापडाचा पोत चुटकीत धरून पाहावा तसं. मग खुर्चीत पहिल्यांदाच मागे टेकली आणि मालकाबद्दल जे बोलायचं राहिलं होतं ते बोलली. ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण देवाने ते ऐकलं असेल तर त्यालाही पटलं असेल.

चिठ्ठी मिळाली. टेलरबाईने ती डाव्या हाताने पर्समध्ये घातली आणि दारात थांबून बाईंना म्हणाली, “राग गेलेला नाही माझा.”

“माझाही नाही. पुढच्या वेळी घेऊनच या.”

नियम अजून तिथेच होता, वर भिंतीवर, काचेच्या चौकटीत. सोमवारी त्यावर पुन्हा बोलायचं बाईंनी ठरवलं होतं. मंगळवारीही, आणि साहेब कान झाकून घेईपर्यंत.

घरी पोचल्या तेव्हा नवरा दाराशी उभा होता, हातात कप.

“कसं आहे गं?”

बाई चपला काढायला वाकल्या, अर्ध्यावरच थांबल्या. ‘ठीक’ ओठांपर्यंत आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

“आठ आहे. जिना चढून चढून साडेआठ झालं असेल.”

नवऱ्याचा तोच जुना चेहरा, तीच जुनी पडझड.

“चेहरा पडला तर पडू द्या,” बाई म्हणाल्या. “आज मी उचलणार नाही. तेवढी चप्पल काढा माझी.”