आधी तुमचा कचरा

जर्मनीतल्या डार्मश्टाटला दर काही वर्षांनी जगभरचे शास्त्रज्ञ जमतात आणि आकाशातल्या कचऱ्याबद्दल तीन-चार दिवस काळजी करतात. मेलेले उपग्रह, रॉकेटांची रिकामी टरफलं, एकमेकांवर आपटून झालेले तुकडे, असं बरंच काही पृथ्वीभोवती फिरत असतं. त्यातला एक मेलेला उपग्रह माझा. त्याचं नाव लेर्खे, म्हणजे चंडोल. मी त्याचा मुख्य अभियंता होतो. दुसरा हाबिख्ट, म्हणजे ससाणा. तो डॉ. एक्हार्ट क्लुगे यांचा. दोन्ही एकाच संस्थेचे. क्लुगे आणि मी तीस वर्षं शेजारशेजारच्या खोल्यांत बसलो, दोघेही निवृत्त झालो, आणि अजून एकमेकांना अहो-जाहो करतो. आमच्याकडे हे मैत्रीच्या आड येत नाही. मैत्री नव्हतीच, हा भाग वेगळा.

मी मत्सरी माणूस नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे वाचताना काहींचा गैरसमज होण्याचा संभव आहे.

पहिल्या दिवशी सत्राच्या अध्यक्षा डॉ. ओरिएत्ता फालचीनी यांनी सर्वांत धोकादायक कचऱ्याची यादी पडद्यावर दाखवली. क्लुगेंचा ससाणा पहिल्या दहात. माझा चंडोल यादीच्या पहिल्या पानावर नव्हता. दुसऱ्यावरही नव्हता. तिसऱ्यावर, जिथे अक्षरं बारीक होत जातात तिथे, एका जुनाट टरफलाच्या खाली तो सापडला.

पुढच्या रांगेतून क्लुगे वळले. क्लुगे नेहमी पुढच्याच रांगेत बसतात.

"अहो बोस्लर, तुमचाही आहे की यादीत! वा वा!"

"ससाण्याची तब्येत काय म्हणते?" मी विचारलं.

"काय सांगू तुम्हाला! गेल्या हिवाळ्यात आणखी दोन तुकडे पडले." नातसून जुळ्यांची आई झाल्याचं सांगावं, तशा आवाजात ते म्हणाले.

त्यांच्या ससाण्यावर फार पूर्वी काहीतरी आपटलं. तेव्हापासून तो गिरक्या घेत फिरतो आणि अधूनमधून तुकडे टाकतो. प्रत्येक तुकड्याला जागतिक सूचीत स्वतंत्र क्रमांक मिळतो, आणि क्लुगेंना ते सगळे तोंडपाठ आहेत. माझ्या चंडोलाचा आजवर एक खिळा निखळलेला नाही. आम्ही तो नीट बांधला होता. चांगलं काम केल्याची शिक्षा माणसाला कुठे ना कुठे भोगावी लागतेच.

नंतर भाषणं झाली. आमच्याकडे विद्वानांसाठी टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी टेबलावर टकटक करतात. क्लुगेंच्या भाषणानंतर अशी टकटक झाली की कॉफीचे कप बशांतून नाचायला लागले. माझ्या भाषणानंतर जी झाली ती ऐकून दोघातिघांनी दाराकडे बघितलं. त्यांना वाटलं, बाहेर कोणीतरी आलंय.

पण खरा प्रश्न टकटकीचा नव्हता. या खेपेला पहिल्यांदाच एक मोहीम ठरली होती. यांत्रिक हात असलेलं एक यान वर जाणार, आमच्या संस्थेच्या एका मेलेल्या उपग्रहाला मिठी मारणार आणि त्याच्यासकट वातावरणात उडी घेऊन जळून जाणार. कोणाला मिठी मारायची, लेर्खेला की हाबिख्टला, हे दुसऱ्या दिवशी जाहीर व्हायचं होतं. बातम्यांत नाव येणार, शाळेतली पोरं चित्रं काढणार. मला तो मान चंडोलाला हवा होता. मुलीच्या लग्नातही माझी एवढी धाकधूक झाली नव्हती. तिथे दुसऱ्या कोणाची मुलगी शर्यतीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी फालचीनीबाई उठल्या आणि म्हणाल्या, "लेर्खे."

मी अर्धा उभा राहिलो.

"लेर्खे अखंड आहे, गिरक्या घेत नाही, निमूट असतो," त्या पुढे म्हणाल्या. "हात बसवायला अगदी सोपा. त्याच्यावर सराव झाला, की मग खऱ्या कामाला लागू. हाबिख्टला."

मी अर्धाच होतो, तो परत बसलो.

संध्याकाळी परिषदेचं जेवण होतं. एप्रिल संपत आला होता, म्हणजे आमच्याकडे शतावरीचा हंगाम, त्यामुळे अर्थातच तिचे पांढरे कोंब, उकडलेले बटाटे आणि हॅम. क्लुगेंच्या ताटातले कोंब माझ्या ताटातल्यांपेक्षा जाड होते. मी मुद्दाम बघायला गेलो नव्हतो. दिसले.

"अभिनंदन, बोस्लर," ते वाइनचा ग्लास घेऊन माझ्या शेजारी बसले. "सराव काय, सगळ्यांनाच लागतो."

"तुमचाही नंबर लागेल."

"मला कसली घाई? पैसे सध्या एकाच मोहिमेपुरते आहेत म्हणे. माझा बिचारा फिरत राहील आणखी शंभर-दोनशे वर्षं. यादीत वरही सरकेल. तुमच्याचं एक बरं आहे. दहा मिनिटांत राख. सुटला." आणि त्यांनी त्या जाड कोंबाचे सावकाश तीन तुकडे केले.

मी घरी आलो तेव्हा गुडरून, माझी बायको, दह्याचा रिकामा डबा विसळत होती. झाकण वेगळं, डबा वेगळा, वरचा कागद तिसरीकडे, अशी आमच्याकडे पद्धत आहे.

"तुझाच निवडला ना?" ती म्हणाली. "मग तोंड का असं आंबट?"

"सरावासाठी निवडलाय."

"विलफ्रीड, कचरा तो कचरा. कोणाचा आधी उचलला यावरून भांडणारी माणसं मी आजवर फक्त आपल्या गल्लीत बघितली होती."

"क्लुगेंचा दोनशे वर्षं वर राहणार. माझा राख होणार."

"अरे, सकाळपर्यंत तुला तो राखच करून हवा होता!"

"सकाळी क्लुगे हसत नव्हते."

तिने डबा प्लॅस्टिकच्या कचऱ्यासाठी असलेल्या पिवळ्या पिशवीत टाकला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी कुठल्या पिशवीत बसेन याचा ती विचार करत असावी.

तिसऱ्या दिवशी एक औपचारिकता उरली होती. उपग्रह मेला तरी तो मालकाचाच राहतो, मालकाच्या संमतीशिवाय त्याला कोणी बोट लावू शकत नाही. आणि आमच्या संस्थेने, जबाबदारी घ्यायची वेळ आली की ती जे करते ते केलं. तिने कळवलं, की दोन्ही जुने मुख्य अभियंते एकमताने सांगतील ते आम्हाला मान्य. फालचीनीबाईंनी आम्हाला व्यासपीठावर बोलावलं. दोन शब्द, एक हस्तांदोलन, एक फोटो, एवढंच व्हायचं होतं. फोटोवाला कॅमेरा रोखून उभा होता.

मी ध्वनिक्षेपक हातात घेतला.

"मित्रहो, रात्रभर विचार केला. ज्याचा धोका मोठा तो आधी खाली आला पाहिजे. माझ्या क्षुल्लक चंडोलासाठी जगाचा वेळ घालवणं मला पटत नाही. सोपं आधी उरकून अवघड पुढे ढकलायचं, हे आपल्याला शोभत नाही. पहिला मान मी माझे थोर सहकारी डॉ. क्लुगे यांना देतो. आधी हाबिख्ट आणा."

अशी टकटक सुरू झाली की मागच्या रांगेतला पाण्याचा जग खाली पडला. एक जपानी प्राध्यापक उठून वाकले. फालचीनीबाईंनी डोळे टिपले. एवढ्या मोठ्या सभागृहात माझं बोलणं एकट्या क्लुगेंनाच कळलं. त्यांचा चेहरा आदल्या दिवशीच्या शतावरीसारखा झाला होता.

त्यांनी माझ्या हातातून ध्वनिक्षेपक काढून घेतला. जरा जोरातच.

"डॉ. बोस्लरांचं मन मोठं आहे. मी ते तीस वर्षं भिंतीपलीकडून अनुभवलं आहे. पण त्यांच्या तोंडचा घास मी कसा घेऊ? आधी लेर्खेच."

"छे छे, तुम्ही मोठे," मी म्हणालो.

"वयाने तुम्ही मोठे."

"कामाने तुम्ही."

"अहो, तुमचा उपग्रह म्हणजे कारागिरीचा नमुना. सुरुवात नमुन्याने व्हावी."

"आणि तुमच्यापासून जगाला धोका आहे. त्याचं काय?"

"डॉक्टरसाहेब," फालचीनीबाई मध्ये पडल्या, "गिरक्या घेणारा उपग्रह आत्ताचा हात पकडूच शकत नाही. उलट त्याचे आणखी तुकडे होतील."

"मग हात सुधारा," मी म्हणालो. "आम्ही थांबू की!"

"याबाबतीत," क्लुगे लगेच म्हणाले, "मी डॉ. बोस्लरांशी पूर्ण सहमत आहे."

तीस वर्षांत पहिल्यांदाच आमचं एकमत झालं होतं, आणि संस्थेला एकमतच हवं होतं. फालचीनीबाईंनी ध्वनिक्षेपक बंद केला आणि त्या इटालियनमध्ये काहीतरी बोलल्या. मग सगळ्यांना कळेल असं म्हणाल्या, "तुम्हा दोघांना उचलणारा हात आधी बनवायला हवा."

मोहिमेचा निर्णय पुढच्या परिषदेवर ढकलण्यात आला. अहवालात लिहिलं आहे, की दोन ज्येष्ठ अभियंत्यांमधला परस्पर आदर सभागृहाला हेलावून गेला.

बाहेर पडलो तर आम्हा दोघांची ट्राम एकच होती. समोरासमोर जागा मिळाली. दोन थांबे क्लुगे खिडकीबाहेर बघत होते.

"एक विचारू का, बोस्लर?" शेवटी ते म्हणाले. "तुमचा साधारण कधी खाली येईल? आपोआप?"

"तुमच्यानंतर. माझा तुमच्यापेक्षा पंधरा किलोमीटर वर आहे. तिथे हवा आणखी विरळ, म्हणून खेच कमी."

त्यांनी मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला. माझा करून झालेला होता, म्हणून मी त्यांना हवा तेवढा वेळ दिला. लुइझेनप्लाट्झचा चौक आला तरी त्यांचा हिशेब चालूच होता, आणि त्यांचा थांबा मागे पडला हे मी त्यांना सांगितलं नाही.