दुर्लक्ष करा

"मावशी, या माणसाला तू का गं गप्प केलंस?"

भाचीनं विचारलं तेव्हा सिस्टर गॅसपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांना वाटलं, गल्लीतल्या कुणाबद्दल बोलतेय.

"कुणाला?"

"पोस्टमन म्हणून कुणी आहे. तू दुर्लक्ष केलेल्यांच्या यादीत हा एकटाच आहे. सात महिने झाले."

सिस्टरांनी गॅस बंद केला. भाची आली होती फोनमधली अक्षरं मोठी करून द्यायला. ती करता करता तिला ही यादी सापडली होती.

सिस्टरांची चौतीस वर्षं इस्पितळाच्या वॉर्डात गेली. लग्न राहून गेलं, आणि नंतर राहिलं ते राहिलंच. बहीण वारल्यावर जवळचं माणूस म्हणजे ही भाची, तीही महिन्या-दोन महिन्यांनी उगवणारी. निवृत्तीनंतर घर खायला उठलं होतं, तेव्हा वॉर्डातल्या जुन्या डॉक्टरांनी त्यांना 'उशाशी'वर आणलं. घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्यांसाठी त्यांनी इंटरनेटवर काढलेला तो कट्टा. कुणी काहीही विचारावं, जाणत्यानं सांगावं. सिस्टरांकडे देखरेख होती: चमत्कारी तेलं विकणाऱ्यांना हाकलायचं, भांडणं मोडायची, चुकीचा सल्ला दिसला की खोडून काढायचा. डॉक्टर म्हणाले होते, तुम्ही नुसत्या बसा, शिस्त आपोआप लागेल. आणि लागलीही.

पोस्टमन खरोखरच टपालखात्यातून निवृत्त झालेला गृहस्थ. बायको लकव्यानं सहा वर्षं पडून. रोज सकाळी तिचं सगळं आवरलं की तो लिहायचा, "आज डावी कूस. पाठ स्वच्छ. दोन वाट्या पेज गेली." आणि खाली एखादा विनोद, बहुधा स्वतःच्याच फजितीचा. सिस्टर उत्तर द्यायच्या, "ठीक. टाचा टेकू देऊ नका." विनोदावर त्या कधी काही लिहीत नसत, पण हसत असत. तीन वर्षं हे चाललं. चेहरा पाहिला नव्हता, आवाज ऐकला नव्हता. तरी सकाळचा चहा त्याचं वाचल्याशिवाय घशाखाली उतरत नसे.

मग कट्ट्याचं रूप पालटलं. नवे रंग, नवी बटणं, जिथली वस्तू तिथं नाही. त्याच आठवड्यात कुणीतरी पोस्टमनविरुद्ध तक्रार केली, की आजारपण हा काही चेष्टेचा विषय नव्हे, यांना आवरा. तक्रारीखाली तीन बटणं होती: 'कारवाई करा', 'पुढे पाठवा', 'दुर्लक्ष करा'. सहा वर्षं बायकोचं हगणंमुतणं काढणाऱ्याला हसण्याचीही चोरी? सिस्टरांनी 'दुर्लक्ष करा' दाबलं. खात्री आहे का, असं फोननं विचारलं. त्यांची शंभर टक्के खात्री होती.

दुर्लक्ष तक्रारीकडे व्हायचं, ते झालं माणसाकडे. दुसऱ्या दिवसापासून पोस्टमनचं अक्षरही त्यांना दिसेना. दोन दिवस वाट पाहून त्यांनी विचारलं, "पोस्टमन, पाठ कशी आहे?" उत्तर नाही. तक्रारीचं कळून रुसला असेल, असं त्यांना वाटलं. मग वाटलं, आपण तरी कोण त्याचे? गरज सरली असेल. पुन्हा विचारायला मन धजलं नाही. मध्यंतरी एकदा मुख्य पानावर चार-पाच जणांनी ओळीनं "धीर धरा" लिहिलेलं दिसलं, पण कुणाला ते कळेना. नव्या रूपात सगळाच घोळ होता, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

"उघडू?" भाचीनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बोट टेकवलं.

सात महिन्यांत न दिसलेलं सगळं एकदम खाली उतरलं. सिस्टर खुर्चीत बसल्या.

"पाठ कशी आहे?" याच्या खाली, तीनच मिनिटांनी, उत्तर होतं. चांगलं लांबलचक. पुढं रोजचं डावी कूस, उजवी कूस. पंधरवड्यानं सूर बदलला होता. "सिस्टर, माकडहाडापाशी लाल झालंय. दाबलं तरी पांढरं होत नाही. काय करू?" त्याखाली कुणीतरी पावडर लावा म्हणून सांगितलं होतं, कुणी मालिश सुचवली होती. त्याच्या मजकुरासोबत ही उत्तरंही झाकली गेली होती. सिस्टर असत्या तर दोन्ही खोडून त्यांनी लिहिलं असतं, चोळू नका, त्या जागेवर भार अजिबात देऊ नका, दर दोन तासांनी कूस बदला. चौथ्या दिवशी, "सिस्टर, कातडी फाटली." मग इस्पितळ, ताप. मग महिनाभर काही नाही. आणि शेवटचं:

"सिस्टर, ती काल गेली. तुम्ही शिकवलंत ते सगळं करत होतो, शेवटी पाठीचं मात्र जमलं नाही. माझ्या बडबडीचा तुम्हाला कंटाळा आला असणार, त्यात तुमचं काही चुकलं नाही. तीन वर्षं सांभाळून घेतलंत. येतो."

भाचीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मावशी, बटणाचं नावच तसलं आहे. कुणीही फसलं असतं. तांत्रिक चूक झाली म्हणून कळव."

"बटण मी दाबलं," सिस्टर म्हणाल्या.

वॉर्डात चूक झाली की ती ज्याची त्यानं, आपल्या हातानं, वहीत लिहायची. सिस्टरांनी कितीतरी कोवळ्या मुलींकडून तशी लिहून घेतली होती. रडा, पण आधी लिहा, असं सांगून. भाची गेल्यावर त्यांनी कट्ट्यावर, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं. काय दाबलं, काय समजून दाबलं, सात महिने काय दिसलं नाही, आणि त्या लाल डागाला उत्तर मिळालं नाही ते का. माफ करा असं दोनदा लिहून दोनदा खोडलं, कारण ते मागण्यासारखं वाटलं, आणि मागायचा हक्क त्यांना वाटत नव्हता. डॉक्टरांना वेगळं कळवलं की बटणावर 'तक्रार फेटाळा' असं घाला. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी ते बदलून घेतलं. लोकांनी, तुमचा काय दोष, असं भरभरून लिहिलं. सिस्टरांनी ते वाचलं आणि बाजूला ठेवलं.

पोस्टमनकडून आठ दिवस काही आलं नाही. त्या रोज सकाळी पाहत. चहा निवून जाई.

नवव्या दिवशी आलं. "सिस्टर, वाचलं. हिची हवेची गादी घरात आहे, कुठं भोक नाही, पंपही चालू. कुणाला लागत असेल तर पाठवतो. बांधाबांध मला येते."

एवढंच होतं. राग नव्हता, जाऊ द्या असंही नव्हतं. विनोदही नव्हता.

सिस्टरांनी मागच्या पानांत शोध घेतला. एका शिंपिणीनं सासऱ्यासाठी अशी गादी मागितली होती. तिला विचारून त्यांनी पोस्टमनला लिहिलं, "एक जण आहेत. पत्ता देते." पत्ता दिला. गादी घडी घालण्याआधी पुसून वाळवा, हेही लिहिलं.

तीन वर्षांत त्यांनी त्याला पाठ विचारली होती, टाचा विचारल्या होत्या, लघवीचा रंग विचारला होता. मोठ्या झालेल्या अक्षरांत, एका बोटानं, त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली.

"तुम्ही कसे आहात?"

चष्मा काढून त्यांनी बटण दोनदा नीट वाचलं, मग पुन्हा चष्मा लावून वाचलं. 'पाठवा' असंच होतं. त्यांनी ते दाबलं.