इंगाची फाइल

सोल्वेग हौगेन गावातल्या कॉलेजची रजिस्ट्रार. कॉलेजातल्या कुठल्याही पोराचे मार्क, हजेरी, भानगडी, सगळं तिला एका बोटासरशी दिसे. आणि त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेली तिची एकुलती एक इंगा बरेच रविवार घरी जेवायलासुद्धा आली नव्हती. फोन उचलत नव्हती. ‘कामात आहे, मी ठीक’ एवढाच मेसेज. हॉस्टेलच्या दारात जाऊन उभं राहिलं तर पोरगी चिडेल, म्हणून बाप आर्लो तिकडे फिरकत नव्हता. काळजीने मात्र त्याचं गॅरेजमधलं लक्ष पार उडालं होतं.

“सोल्वेग, एकदा बघ ना. नापास होतेय का, एवढंच.”

“नाही बघणार.”

“अगं, आई ना तू तिची?”

“घरी आई. तिथे मी कामासाठी फाइल उघडते, जीव राहत नाही म्हणून नाही. ती अठराची झाली, कॉलेजात गेली, तेव्हाच तिची फाइल तिची झाली. बोट माझं आहे आर्लो, माहिती तिची आहे.”

“आणि फी माझी!”

“ती तर भरावीच लागेल,” सोल्वेग म्हणाली आणि भांडी घासायला लागली.

आर्लोने डोक्यात राख घालून घेतली. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तसं, दुसऱ्या दिवशी सोल्वेग मीटिंगला गेलेली बघून तो स्वतःच तिच्या ऑफिसात गेला. चौकशीच्या खिडकीत तिथली कारकून व्हर्ना होती. इंगाच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी चर्चमध्ये कॉफी ओतणारी व्हर्ना!

“व्हर्ना, आमची इंगा वर्गात जाते ना गं?”

व्हर्नाने स्क्रीनकडे पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम सरकारी झाला. “या नावाच्या कुणाबद्दल आमच्याकडे देण्यासारखी काही माहिती नाही.”

“या नावाच्या? अगं, तू तिला मांडीवर खेळवलंयस!”

“माहिती नाही, आर्लो.”

आर्लो खिडकीपासून मागे सरला. माहिती नाही, म्हणजे नाव कमी झालं. पोरगी कॉलेज सोडून बसली आणि कुणाला पत्ता नाही!

संध्याकाळी त्याने व्हर्नाचे शब्द जसेच्या तसे सोल्वेगला ऐकवले. ती टेबलाशी मटकन बसली. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

“तुला ठाऊक आहे! सांग, सोडलं ना तिने कॉलेज?”

सोल्वेगचे डोळे भरले होते, पण तोंडात मिठाची गुळणी. “तिला विचार,” एवढंच म्हणाली. “आत्ता जा. रागावू नकोस, नुसतं विचार.”

अशा बायकोशी भांडायचं तरी कसं? आर्लोने गाडी काढली.

हॉस्टेलच्या दारात इंगा आली ती पुस्तकांसकट. “कॉलेज सोडलं? मी? कुणी सांगितलं?”

“व्हर्ना म्हणाली, माहितीच नाही.”

इंगा हसली. “बाबा, माझं काहीच कुणाला सांगू नका, मी इथे आहे हेसुद्धा, असं मीच लिहून दिलंय. तसं दिलं की त्यांना हेच म्हणावं लागतं.”

आर्लो तिथेच पायरीवर बसला. म्हणजे ते वाक्य ऐकताक्षणी सोल्वेगला कळलं होतं, पोरगी कॉलेजातच आहे. आणि पोरीने सगळ्यांना दार लावलंय, हेही. एका शब्दात नवऱ्याचा जीव भांड्यात पडला असता. पण तो शब्द तिचा नव्हता.

मग इंगाने सगळं सांगितलं. एका प्राध्यापकाने तिच्यावर कॉपीचा शेरा मारला होता. खोटा. तिने स्वतःची फाइल बघायला मागितली, शेऱ्याला हरकत घेतली, समितीसमोर उभी राहिली. “सोल्वेगची मुलगी म्हणून सुटले, असं कुणी म्हणायला नको होतं मला. काल शेरा काढला त्यांनी.”

“आईला काहीच माहीत नव्हतं?”

“मला वाटायचं, तिने चोरून बघितलंच असणार. म्हणून तर घरी येत नव्हते, तिच्या डोळ्यांत बघवलं नसतं.” इंगाचा आवाज बारीक झाला. “फाइल कुणीकुणी उघडली तेही मी मागून घेतलं, बाबा. डीन, समिती, व्हर्ना, सगळे आहेत. आई नाही. एकदासुद्धा नाही.”

इतकी वर्षं आपण या बाईला हट्टी म्हणत आलो, याची आर्लोला लाज वाटली, आणि छाती अभिमानाने भरून आली.

दोघं घरी पोचली तेव्हा सोल्वेग टेबलाशी तशीच बसलेली होती. इंगाने फोनवर काहीतरी टिचटिच केलं. “आई, परवानगी दिलीय तुला. उद्या ऑफिसात गेलीस की सगळं बघ.”

सोल्वेगने मान हलवली आणि शेजारची खुर्ची ओढली.

“बघायचं नाही मला,” ती म्हणाली. “तू सांग.”