जस्ताला दिलेला रंग

मी एक जुना जस्ताचा ठोकळा आहे, मित्रांनो, आणि खरे सांगायचे तर आता फार थकलो आहे. ओतून तयार झालो तेव्हा चांगला विटेएवढा होतो. आज साबणाचा उरलेला तुकडा बरा, अशी माझी गत आहे.

माणसांना खाडीपार नेणाऱ्या एका लोखंडी बोटीच्या तळाला, पाणी मागे ढकलणाऱ्या पंख्याजवळ, मला पक्के जोडले होते. काम एकच, झिजायचे. पाण्यातला ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांसाठी सदा हपापलेला. लोखंडाने त्याला आपले इलेक्ट्रॉन दिले, की गंज चढलाच. म्हणून मी पुढे होत असे. माझा एकेक अणू आपले दोन इलेक्ट्रॉन लोखंडातून त्याच्याकडे धाडी आणि स्वतः धन प्रभाराचा आयन होऊन पाण्यात निघून जाई. तिकडे ते इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजन, पाण्याच्या साथीने, ऋण प्रभाराचे आयन बनवी. बोट शाबूत राही, मी कमी होई. कौतुकाचे म्हणाल तर पाण्याखाली वाकून बघतो कोण?

बोट मालकीणबाई चालवत, सगळे त्यांना वहिनी म्हणत. नवऱ्याच्या माघारी सारे घर त्याच बोटीवर चालत होते. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत सुकाणूवर त्या एकट्या, खांदा भरून आला तरी तोंडातून ब्र नाही. धाकट्या दिरांना मात्र हौस रंगकामाची. बोट काठावर ओढली तेव्हा माझा खडबडीत चेहरा त्यांच्या डोळ्यांत खुपला आणि त्यांनी मलाही दोन हात रंग दिला. मला बरेच वाटले. पाणी अंगाला लागत नाही, म्हणजे आयन होणे नाही. जन्मात पहिल्यांदा आराम मिळाला.

पुढे एकदा भर खाडीत, बोट माणसांनी भरलेली असताना, वहिनींच्या पायाला पाणी लागले. गंजाने तळाला भोक पाडले होते. बादल्यांनी पाणी उपसत त्यांनी कसाबसा काठ गाठला. मला फार वाईट वाटले.

बोट दुरुस्त करायला आलेल्या मिस्त्रींनी माझ्यावरचा रंग खरवडला. दिरांना म्हणाले, "हा झिजला नाही, म्हणून बोट झिजली."

दिरांनी वहिनींच्या भरून आलेल्या खांद्याकडे पाहिले. मग हळूच म्हणाले, "वहिनी, उद्यापासून सकाळच्या फेऱ्या मी मारतो."

"आधी भोक बुजवा, भाऊजी," वहिनी म्हणाल्या, आणि तिथेच काठावरच्या पायरीवर टेकल्या.

त्यानंतर मी पुन्हा झिजलो, आता संपत आलो. शेजारी नवा ठोकळा बसवला आहे. मित्रांनो, तुमच्या घरातही कोणीतरी निमूट झिजत असेल. त्याला नुसता छान रंग देऊ नका. वेळेवर त्याची जागा घ्या.